बर्गंडी (फ्रान्स) सायकल सहल: बुकिंग झालं, आता एवढं वाचा

व्हिसाची कागदपत्रं, विमा (शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं), कपड्यांची यादी, हे सगळं तुम्हाला वेगळं पाठवलेलं आहे. हे पत्रक एकाच प्रश्नासाठी काढलं आहे. जवळजवळ प्रत्येक ग्रुपमधून तो येतो आणि साधारण याच शब्दांत येतो: "रोज फक्त वीस-पंचवीस ते पन्नास किलोमीटर? एवढं तर आम्ही रविवारी सिंहगड पायथ्याला जाऊन येतो आणि मग नाश्ता करतो."

करत असाल. आमच्या ग्राहकांत बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणारे सायकलस्वार, बरेच आहेत. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर मारणाऱ्या माणसाला आमचा कार्यक्रम बघून हसू येतं, हे आम्हाला माहीत आहे. पण बीआरएमला वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारायचा, केळं खायचं आणि सुटायचं असतं. इथे थांबणं हेच काम आहे. शिवाय थांबायचं कधी, हे तुम्ही ठरवत नाही, गाव ठरवतं.

हिशेब कुठे चुकतो

बोन ते सांतने हा टप्पा घ्या. द्राक्षबागांतून जाणारी सायकलवाट, २२-२३ किलोमीटर. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिन्यी-माँत्राशे, शासान्य-माँत्राशे आणि मग सांतने. मोठा घाट एकही नाही, पण सपाटही नाही. बागा टेकडीच्या उतारावर आहेत आणि वाट त्या उताराच्या कडेकडेने वर-खाली करत जाते. व्होल्नेला थोडा दम लागतो.

आदल्या रात्री हॉटेलात हिशेब होतो: ताशी पंधराने दीड तास. म्हणजे घाई कशाला? सावकाश नाश्ता, दुसरी कॉफी, ग्रुप फोटो, आणि निघायला सव्वादहा. पुढे काय होतं ते आम्हाला पाठ आहे. पोमारच्या चर्चपाशी फोटो. बागेत दगडी भिंतीतलं फाटक दिसलं की तिथे फोटो. समोरून द्राक्षाच्या ओळीवरून चालणारा उंच ट्रॅक्टर येतो, त्याला वाट द्यायला सगळे उतरतात आणि त्याचाही फोटो. मर्सोला नगरपालिकेचं रंगीत कौलांचं छप्पर बघत अर्धा तास जातो. थांबे धरले तर ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या वर कुणी जात नाही, आणि जाऊही नये. पुलिन्यीला पोहोचेपर्यंत बारा वाजून जातात. तिथे जेवणाची जागा असते, पण कुणीतरी म्हणतं, "आत्ता भूक नाही, पुढच्या गावात बघू." पुढचं गाव शासान्य, छोटं. मग सांतने. तोवर पावणेदोन झालेले.

चौकात खुर्च्या मांडलेल्या असतात. फळ्यावर खडूने आजचं जेवण लिहिलेलं असतं. तीन-चार टेबलांवर लोक शेवटचं गोड खात असतात. तुम्ही हेल्मेट काढून आत जाता आणि बाई अगदी गोड हसून सांगतात, "ला क्विझीन ए फेर्मे." स्वयंपाकघर बंद. संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत. ब्रेडचं दुकानही दुपारी बंद असतं. तिथे दोन वाजले की पुण्यात साडेपाच होतात आणि आमचा फोन वाजतो.

हा फोन आम्ही घेतो आणि यापुढेही घेऊ. पण फोनवरून चूल पेटत नाही. बंद झालेलं स्वयंपाकघर ओळखीने उघडत नाही, जास्त पैसे देऊनही उघडत नाही. आचारी घरी गेलेला असतो.

बारा ते दोन

फ्रान्सच्या खेड्यात बारा ते दोन ही जेवणाची वेळ आहे. ऑर्डर साधारण दीडपर्यंतच घेतात. याच वेळात किराणा दुकान, माहिती केंद्र आणि वाइनची तळघरंही बंद असतात. म्हणजे बारा ते दोन फक्त जेवता येतं, आणि दोननंतर जेवण सोडून बाकी सगळं करता येतं. "पण जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो," असं आम्हाला ऐकवतात. असतो. उजेड साडेनऊपर्यंत, चूल मात्र दोनपर्यंतच.

तळघरं का बंद, तेही सांगतो, कारण त्यावरूनही वाद होतात. नाशिकला वायनरी म्हणजे बाग, टाक्या, टेस्टिंग रूम सगळं एका आवारात, आणि दिवसभर कुणी ना कुणी काउंटरवर. बर्गंडीत जमीन तुकड्यातुकड्यांत वाटलेली आहे. वूजो गावची भिंतीने वेढलेली प्रसिद्ध बाग सुमारे ५० हेक्टरांची. मध्ययुगात सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी ती उभी केली. फ्रेंच राज्यक्रांतीत साधूंकडून गेली, पुढे विकली गेली आणि आज तिथे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. नेपोलियनच्या कायद्याने वारसांत समान वाटणी आली, त्यामुळे कुणाच्या चार ओळी इथे, सहा ओळी तिथे, अगदी आपल्या सातबाऱ्यासारखी गत. अशा छोट्या मालकाचं तळघर त्याच्या घराखालीच असतं. सकाळी ट्रॅक्टरवर तोच, दुपारी ग्लासात वाइन ओतणाराही तोच. मधल्या वेळात तो जेवतो. आपण तीनची वेळ घेऊन साडेचारला पोहोचलो, तर त्याचं काम खोळंबतं आणि पुढच्या ग्रुपला तो वेळ देत नाही. याची झळ आम्हाला बसते, म्हणून जरा कडक बोलतो.

उपाय एकच: साडेआठ ते नऊच्या दरम्यान सायकलवर बसा. वाटेत हवं तितकं रेंगाळा, पण सव्वाबाराला खुर्चीत असा. भूक लागली असो वा नसो. टेबल आम्ही आधी सांगून ठेवतो. तुम्ही फक्त आदल्या संध्याकाळी किती जण जेवणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांना ही सोय क्वचित मिळते, कारण खेड्यातल्या वीस खुर्च्यांच्या जागेत फोन फ्रेंचमध्येच करावा लागतो. आमच्या दरात हे धरलेलं आहे, वेगळे पैसे नाहीत.

ज्यांना दुपारी टेबलावर बसायचंच नाही त्यांनी सकाळी निघतानाच ब्रेड, बकरीचं चीज, टोमॅटो घेऊन कॅरिअरच्या बॅगेत टाकावं. दुपारी मिळेल या भरवशावर राहू नका. बागांत मधेमधे दगडी खोपी दिसतात. मजुरांच्या आडोशासाठी बांधलेल्या असतात, पावसात तुम्हालाही उपयोगी पडतील. थेपले, लाडू जरूर न्या, फक्त रेस्टॉरंटच्या टेबलावर डबा उघडू नका.

शुक्रवारीच का सुरुवात?

शनिवारी सुरू केली तर रजा वाचेल, ही सूचना दर मोसमात येते. आम्ही तसं करणार नाही. कारण पुन्हा पोटाचंच. खेड्यांत रविवारी रात्री आणि सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात. म्हणून शुक्रवारी दिजाँहून बोन. शनिवारी बोनलाच मुक्काम, कारण त्या दिवशी बोनचा आठवडी बाजार भरतो. रविवारी दुपारचं जेवण गावोगावी मिळतं, म्हणून द्राक्षबागांची वाट त्या दिवशी, आणि रात्रीचं जेवण सांतनेच्या मुक्कामी सांगितलेलं. सोमवारी कालव्याच्या काठाने शालों. मोठं गाव, चार जागा बंद असल्या तरी पाचवी उघडी मिळते. मंगळवार-बुधवार क्लुनीपर्यंत आणि गुरुवारी माकाँ.

शनिवारचा "फुकट गेलेला" दिवस पुष्कळांना खटकतो. बोनला १४४३ साली स्थापन झालेलं गरिबांचं इस्पितळ आहे. हिरवी-पिवळी-लाल कौलं, आत ओळीने लावलेल्या लाकडी खाटा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी या संस्थेच्या बागांतल्या वाइनचा लिलाव होतो, १८५९ पासूनची प्रथा. हे इस्पितळ नीट बघायला दोन तास लागतात. ज्यांचे पाय खरंच शिवशिवतात त्यांना त्या सकाळसाठी मागच्या डोंगरातल्या फेरीची जीपीएक्स फाइल (मोबाइलवर मार्ग दाखवणारी) देतो: सँ-रोमँचे कडे, ला रोशपोचा किल्ला, आणि चढ असा की सिंहगडाचं नाव निघणार नाही. सातला निघा, बाराला परत या. क्लुनीकडचा टप्पाही वेगवाल्यांना आवडतो. जुन्या रेल्वेमार्गावरची ही वाट १९९७ मध्ये सुरू झाली, फ्रान्समधली अशी पहिलीच. रूळ होते म्हणजे चढ जेमतेम. क्लुनीच्या पुढे दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे, दिवा लावा, जॅकेट घाला. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, त्यामुळे त्या काळात आमची सहल नसते.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

उपाशी कुणी राहत नाही, पण "व्हेज" म्हणून भागत नाही. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दों, न विचारता टाकतात. वाइनच्या रश्शातली अंडी मागवली तरी त्यातही ते असतात. तुमच्या खिशासाठी आम्ही फ्रेंचमधलं छोटं कार्ड देतो: मांस नको, मासे नको, लार्दों नको. ते ऑर्डर देतानाच दाखवा, ताट आल्यावर नव्हे. गुजेर नावाच्या चीजच्या फुगलेल्या गोळ्यांमध्ये अंडं असतं. आणि तिथली बरीचशी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावलेली असतात. हे आधी सांगितलेलं बरं, कारण मागे कळल्यावर काहींना फार वाईट वाटलं. नळाच्या पाण्याचा जग जेवणाबरोबर मागितला की फुकट मिळतो. वाटेत बाटली भरायची असेल तर गावाच्या दफनभूमीत नळ असतो. "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी नाही ना, तेवढं बघा. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी "बाँजूर". हे विसरलात तर सेवा थंड मिळते, मग ग्राहक आम्हाला सांगतात की फ्रेंच लोक तुसडे आहेत.

वाइन आणि सायकल

चव घेतल्यावर ठेवलेल्या भांड्यात थुंकणं तिथे शिष्टाचार आहे, संकोच नको. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम, आणि ती सायकलस्वारालाही लागू आहे. म्हणून टेस्टिंगच्या वेळा आम्ही मुक्कामाच्या गावी, दिवसाची सायकल संपल्यावरच लावतो. न पिणाऱ्यांसाठी टेस्टिंग सक्तीचं नाही, तेवढे पैसे बिलातून वजा होतात. कानात हेडफोन घालून सायकल चालवण्यावर २०१५ पासून बंदी आहे, दंड १३५ युरो, तो तुम्हीच भरायचा. हेल्मेट तिथे मोठ्यांना सक्तीचं नाही. आमच्याकडे आहे. बागेतली द्राक्षं तोडू नका, एक घडसुद्धा नाही.

सायकलीबद्दल

तिथे उजव्या बाजूने चालायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रेकचं मात्र कुणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या हाताला. पहिल्या उतारावर सवयीने डावा दाबलात तर पुढचं चाक अडकतं. म्हणून दिजाँला सायकल ताब्यात देताना आम्ही सगळ्यांना हॉटेलमागच्या गल्लीत दहा मिनिटं नुसतं ब्रेक मारायला लावतो. हसा, पण करा.

ई-बाइक हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी मिळत नाही. मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मिळते. जोडप्यात एकाचा सराव कमी असेल तर त्याच्यासाठी ई-बाइक घ्या, दोघांचाही दिवस सुखाचा जातो.

आणि माप. नुसती उंची पाठवू नका, दोन पायांमधलं माप पाठवा: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. पँटचं शिंप्याचं माप चालत नाही. निघण्याच्या महिनाभर आधी हे माप, शाकाहारी की जैन, आणि ई-बाइक हवी की नको, या तीन गोष्टी एकाच मेसेजमध्ये कळवा.