कॅडिलॅकची मऊ चाल: स्प्रिंगपासून चुंबकी तेलापर्यंत

व्हिंटेज गाड्यांच्या मेळाव्यात १९५९ची कॅडिलॅक उभी असली की तिच्या मागच्या टोकदार पंखांभोवती गर्दी जमते. गर्दीतला एखादा जाणकार हमखास सांगतो, "असली मऊ चाल आताच्या गाड्यांत नाही. तेव्हा गाड्यांना वजन होतं!" चाल मऊ होती यात वाद नाही, पण श्रेय वजनाला देणं चूक आहे. विजेवर चालणारी आजची कॅडिलॅक एस्कलेड आयक्यू चार टनांच्या वर जाते. ५९ची गाडी सव्वादोन टनांच्या आसपास होती. लांबी मात्र दोघींची जवळपास सारखी, ५.७ मीटर.

जड लोखंड म्हणजे सुरक्षितता, हीसुद्धा अशीच एक समजूत. २००९मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू समोरासमोर आदळवल्या. जुन्या गाडीत चालकाची जागाच चेपली गेली. नव्या गाडीत चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं पायाच्या दुखापतीवर निभावलं.

तर ती मऊ चाल आली कुठून? स्प्रिंगवर ठेवलेली वस्तू दाबून सोडली की ठरावीक लयीत वरखाली होते, एवढं शाळेत शिकलेलं आठवत असेल. स्प्रिंग जितकी ताठ तितकी ही लय जलद, वस्तू जितकी जड तितकी संथ. म्हणजे मुद्दा ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराचा आहे. जड गाडीला तितकीच ताठ स्प्रिंग बसवली की वजनाचा सगळा फायदा गेला. बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त खुपते. सेकंदाला एकदा, म्हणजे १ हर्ट्झने झालेलं वरखाली सहज चालतं. अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेलं की वेगळीच पंचाईत, तिथे लोकांना गाडी लागते.

हा १ हर्ट्झ साधायचा तर गाडीच्या स्वतःच्या भाराने स्प्रिंग जवळजवळ २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. १.५ हर्ट्झवर समाधान मानलं तर ११ सेंटिमीटर पुरतात. एवढी लवचीक स्प्रिंग म्हटली की चाकाला वरखाली व्हायला जागाही भरपूर हवी. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकेला ती परवडत होती: स्वस्त पेट्रोल, रुंद सरळ रस्ते आणि वाटेल तेवढी लांबलचक गाडी. १९५७च्या एल्डोराडो ब्रॉममध्ये कॅडिलॅकने तर पोलादी स्प्रिंगच काढून टाकल्या आणि रबरी पिशव्यांत हवा भरली. किंमत १३,०७४ डॉलर. पिशव्यांतून हवा गळायची आणि गाडी उभ्या उभ्या खाली बसायची. अनेक मालकांनी मुकाट्याने साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या.

पण स्प्रिंग ही गोष्टीची अर्धीच बाजू. मला भुरळ पडते ती शॉक अॅब्सॉर्बरची. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते; ती जिरवायचं काम याचं. आत दट्ट्या असतो, तो बारीक छिद्रांतून तेल रेटतो आणि हालचालीची उष्णता होते. आता पेच बघा. छिद्रं मोठी ठेवली तर खड्डा मागे पडला तरी गाडी डुलतच राहते, ब्रेक दाबला की नाक खुपसते, वळणावर कलंडते. छिद्रं लहान केली तर डुलणं थांबतं, पण रस्त्यावरचा बारीकसारीक खडबडीतपणा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. गणित सांगतं की धक्क्यांची वारंवारता स्प्रिंगच्या लयीच्या १.४१ पटीपुढे गेली की जास्तीचं दमन, म्हणजे डुलणं जिरवण्याचा जोर, उलट बाधतो. एकच छिद्र दोन्ही कामं नीट करूच शकत नाही. जुन्या कॅडिलॅकने डुलणं पत्करलं, जर्मन गाड्यांनी कडकपणा.

१९७४मध्ये अमेरिकी अभियंते डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक देखणी युक्ती मांडली. समजा शॉक अॅब्सॉर्बरचं एक टोक गाडीला आणि दुसरं चाकाऐवजी आकाशातल्या एखाद्या अचल खुंटीला बांधलं. मग गाडीचं डुलणं जिरेल, पण चाकाचे धक्के त्या वाटेने वर येणारच नाहीत. आकाशात खुंटी नसते, म्हणून तिची नक्कल करायची. गाडी वर जातेय आणि चाकापासून लांबही होतेय, तर दट्ट्या कडक करा, तो तिला खाली ओढेल. गाडी वर जातेय पण चाक त्याहून वेगाने वर येतंय, तर दट्ट्या सैल सोडा, नाहीतर तो तिला आणखी वर ढकलेल. खाली जाताना हेच उलट. नियम एवढाच, पण तो पाळायला सेकंदाच्या काही हजाराव्या भागात कडक-सैल होणारा दट्ट्या लागतो.

तो मिळाला तेलातून. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत जेकब रॅबिनो क्लचसाठी एक द्रव तयार करत होते: तेलात मिसळलेले, काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे लोखंडाचे कण. चुंबकीय क्षेत्र दिलं की कणांच्या साखळ्या होतात आणि पातळ तेलाचं एका क्षणात घट्ट श्रीखंड होतं. दट्ट्यातच विद्युत वेटोळं बसवलं की साखळ्या तेलाच्या वाटेत आडव्या उभ्या राहतात. पुढे सरकायचं तर तेलाला त्या तोडाव्या लागतात. तुटलेल्या लगेच पुन्हा जुळतात. साध्या तेलाचा विरोध वेगावर अवलंबून असतो, हालचाल संथ असली की तो जवळपास नसतोच. या द्रवाला मात्र आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्यामुळे वळणावर गाडी सावकाश कलत असतानाही तो तिला विरोध करतो. आणि तो उंबरठा किती उंच, हे विजेचा प्रवाह ठरवतो. हलणारी झडप एकही नाही!

"चुंबकी" म्हटलं की आपल्याकडे भलतंच काही विकलं जातं, म्हणून सांगून ठेवतो. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढत नाही. पेट्रोलमध्ये लोखंडाचे कण नसतात. चुंबकाने तिथे धरायचं काय?

२००२मध्ये हे तेल पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आलं, कॅडिलॅकच्याच सेव्हिल एसटीएसमध्ये. प्रत्येक चाकाजवळचा संवेदक हालचाल मोजतो आणि प्रवाह सेकंदाला हजार वेळांपर्यंत बदलू शकतो. पुढे फेरारीनेही हेच तंत्र घेतलं.

तरी हा दट्ट्या फक्त विरोध करू शकतो. गाडीला स्वतःहून उचलणं किंवा वळणावर सरळ धरणं त्याच्या आवाक्यात नाही. म्हणून बाजारात आली तेव्हाच ३,४०,००० डॉलरांच्या वर किंमत असलेल्या, हाताने जुळवलेल्या कॅडिलॅक सेलेस्टिकमध्ये चुंबकी तेलाच्या जोडीला कलणं रोखणारी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा दिली आहे. आणि स्प्रिंग? पोलादी नव्हे, पुन्हा हवेच्याच.