गोस्पोदार : घरच्या यजमानापासून गादीपर्यंत

मराठीत यजमान म्हणजे पाहुण्यांची सरबराई करणारा, गड्याचा धनी आणि बाईचा नवराही. स्लाव्ह भाषांतल्या ‘गोस्पोद’ची गत थोडीफार तशीच आहे. अभ्यासक या शब्दात बहुधा दोन तुकडे पाहतात : ‘गोस्त’ म्हणजे पाहुणा आणि ‘पोत’ म्हणजे स्वामी. हा ‘पोत’ आपल्या सेनापती, छत्रपतीतल्या ‘पती’चा भाऊबंद. (शेवटी ‘त’चा ‘द’ का झाला, हे भांडण अजून मिटलेलं नाही.) ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ‘गोस्पोद’ म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वर. त्यातूनच निघालेला ‘गोस्पोदार’ आधी घरादाराचा धनी होता, मग मुलखाचा झाला.

युक्रेनियन, बेलारूसी, चेक या भाषांत ‘ग’चा ‘ह’ होतो, म्हणून तिकडे ‘होस्पोदार’. लिथुआनियाच्या महाराजांना त्यांच्या रुथेनियन (युक्रेनियन-बेलारूसीच्या जुन्या रूपातल्या) दप्तरात हाच किताब असे. आजच्या रुमानियाच्या परिसरातल्या वालाचिया आणि मोल्डाविया या संस्थानांच्या राजांचं प्रकरण गमतीचं. तिथली बोली लॅटिनच्या कुळातली, रयत राजाला ‘दोम्न’ म्हणे. पण दप्तर स्लाव्हॉनिक, म्हणजे स्लाव्हांच्या जुन्या धर्मभाषेतलं, म्हणून जगाला ते ‘होस्पोदार’ म्हणून ठाऊक. १७११ नंतर तर तुर्की दरबारच इस्तंबूलच्या ग्रीक घराण्यांतली माणसं या गाद्यांवर बसवू लागला. पैसे मोजल्याशिवाय गादी मिळत नसे.

किताबाचं वजन खरं कळतं ते रशियातल्या नोव्हगोरोडमध्ये. हे व्यापारी शहर मॉस्कोच्या राजाला ‘गोस्पोदिन’ म्हणे, म्हणजे मानाचं ‘श्रीमंत’. १४७७ मध्ये शहराच्या वकिलांनी तिसऱ्या इव्हानला ‘गोसुदार’ (बहुधा ‘गोस्पोदार’चंच रशियन रूप), म्हणजे सार्वभौम धनी, असं संबोधलं. इव्हानने तो शब्द धरूनच ठेवला. नागरिकांची सभा म्हणाली, आम्ही असं काही कळवलंच नव्हतं. इव्हानला निमित्तच हवं होतं. तो फौज घेऊन आला, १४७८ च्या जानेवारीत शहर शरण गेलं आणि सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली गेली.

रशियनमध्ये राज्यसंस्थेला आजही ‘गोसुदार्स्त्वो’ म्हणतात. ‘गोसुदार’ मात्र बोलण्यात झिजून ‘सुदार’ झाला, आणि पुढे नुसता ‘स’ उरला : ‘दा-स’, आपलं ‘होय जी’. १९१७ च्या क्रांतीनंतर ‘गोस्पोदिन’ जाऊन ‘तोवारिश’, म्हणजे कॉम्रेड, आला. सोव्हिएत संघ फुटल्यावर जुना शब्द परतला.

बेलग्रेडमध्ये गोस्पोदार येव्रेम आणि गोस्पोदार योवान या सर्बियाच्या राजबंधूंच्या नावाचे रस्ते आहेत. प्रागमध्ये मात्र ‘होस्पोदा’ अशी पाटी दिसली, तर आत दरबार नाही, बिअर मिळते.