अनाथ-निराधार मुलांची सेवा (ख्रिस्ती परंपरा आणि खानदेश)

आई-बाप नसलेल्या, किंवा असूनही सांभाळ होत नाही अशा मुलांना आधार देणं हे ख्रिस्ती मंडळी देवाचं पाचारण मानतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:२७) अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हीच खरी भक्ती असं सरळ सांगितलंय. त्याच्याही आधी, बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात (अध्याय २४) नियम येतो की शेतात पेंढी विसरली तर ती आणायला परत जायचं नाही, ती उपऱ्याची (परक्याची), अनाथाची आणि विधवेची. आपल्याकडे भुईमूग काढल्यावर सरवा वेचतात तसंच हे, फक्त तिथे तो गरिबाचा हक्क म्हणून लिहून ठेवलाय.

अनाथांसाठी वेगळी संस्था पहिल्यांदा कधी निघाली यावर बराच वाद आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारच्या वर्गणीतून अनाथ आणि विधवांना मदत व्हायची, पण ती मदत घरोघरी होती, इमारत नव्हती. कॉन्स्टँटिनोपलचा मोठा अनाथाश्रम झोटिकोस नावाच्या धर्मसेवकाने सुरू केला असं मानतात, काही जण तो थेट सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात नेतात, पण झोटिकोसचं जे चरित्र आज मिळतं ते बरंच नंतरचं आणि चमत्कारांनी भरलेलं, त्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही. इ.स. ४७२ च्या आसपासच्या एका कायद्यात मात्र त्याचं नाव या कामाचा आरंभ करणारा म्हणून येतं. हे धरलं तर चौथ्या शतकाचा मधला काळ, म्हणजे सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँशियसची (३३७–३६१) कारकीर्द, जास्त पटते. कैसरियाचा बिशप बेसिल याने गरीब आणि आजाऱ्यांसाठी उभारलेली वसाहतही त्यानंतर थोड्याच वर्षांतली. युरोपातले फ्लॉरेन्स, हाले, ब्रिस्टल इथले अनाथाश्रम फार पुढचे.

महाराष्ट्रात या कामाला जोर आला तो दुष्काळामुळे. १८९६–९७ आणि लगेच १८९९–१९०० चा छप्पन्या, या दोन दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायकांना आणलं, आणि वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अकोल्याला मुलांसाठी, खामगावला मुलींसाठी आश्रम चालवले. याच मिशनचं काम खानदेशात भुसावळकडे होतं. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन मिशनरी होते, नवापूर भागात भिल्ल आणि मावची लोकांत ते राहिले. चिंचपाड्याचा दवाखाना त्याच कामातून पुढे आला.

आज इथला प्रश्न वेगळा आहे. दिवाळीनंतर अक्कलकुवा-धडगावकडची कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, पोरं एकतर फडाजवळच्या कोपीवर (झोपडीत) नाहीतर गावात म्हाताऱ्या आजीजवळ. ही पोरं कागदावर अनाथ नाहीत, पण याकोब ज्या संकटाबद्दल बोलतो ते हेच. आश्रमात ठेवलेल्या बऱ्याच मुलांचाही आई किंवा बाप हयात असतो, म्हणून नवी इमारत बांधण्यापेक्षा त्या आजीला धान्य, शाळेची फी आणि औषध पुरवणं हेच पाचारणाला जास्त धरून आहे असं वाटतं. राज्य सरकारची बालसंगोपन योजना याच विचाराची, मूल घरातच राहून महिन्याला मदत मिळते.

दत्तक घेण्याची वाट ख्रिस्ती जोडप्यांना फार उशिरा मिळाली. हिंदू दत्तक कायदा (१९५६) त्यांना लागू नाही, १८९० च्या पालकत्व कायद्याखाली फक्त पालक होता यायचं आणि मूल सज्ञान झालं की ते नातं कागदावर संपायचं. बाल न्याय कायदा २००० ने ही अडचण दूर केली, आता २०१५ चा कायदा आहे. त्यात नोंदणी नसलेला आश्रम चालवणं गुन्हा आहे, मिशनचा असला तरी. एकटं मूल सापडलं तर २४ तासांत कळवावं लागतं, तेव्हा पास्टरांनी आधी त्याला जेवू घालावं आणि त्याच दिवशी १०९८ ला फोन लावावा, पुढचं बाल कल्याण समिती ठरवते.