ठकाचा 'थग' कसा झाला

लॉर्ड बेंटिंकच्या सुधारणा सांगा, असा प्रश्न आला की सतीबंदी आणि ठगांचा बंदोबस्त ही दोन उत्तरे लिहून आपण सगळे पुढच्या प्रश्नाकडे वळलेलो आहोत. ठग म्हणजे रुमालाने गळा आवळून वाटसरूंना मारणारे, हे तेव्हापासून डोक्यात पक्के बसलेले. घरात मात्र काटा मारणारा भाजीवाला ठक होता आणि दुसऱ्याच्या वाट्याचा लाडू गोड बोलून लाटणारी धाकटी बहीण ठकडी होती. त्यांच्यापैकी कुणी कुणाचा गळा आवळला नव्हता. इंग्रजीत गेलेला 'थग' तर तिसराच. तो दांडगट, हाणामारी करणारा, गुंड. त्याला फसवता येतेच असे नाही, किंबहुना त्याच्याकडून तेवढ्या डोक्याची कुणी अपेक्षाही करत नाही.

मूळ शब्द एकच आहे. संस्कृतात 'स्थग्' म्हणजे झाकणे, लपवणे. सभा स्थगित झाली असे आपण म्हणतो ते याच धातूचे रूप. प्राकृतातून येताना हिंदीत त्याचा ठग झाला आणि मराठीत ठक. मनातले झाकून ठेवतो तो ठक. ठकवणे, ठकसेन, 'ठकास महाठक' हा सगळा गोतावळा फसवाफसवीचाच आहे.

चौदाव्या शतकात झियाउद्दीन बरनीने लिहिलेल्या इतिहासात हा शब्द येतो. दिल्लीत पकडलेल्या हजारेक ठगांना सुलतान जलालुद्दीन खिलजीने ठार न करता होड्यांत भरून बंगालकडे, लखनौतीला पाठवून दिले, असे तो सांगतो. हे लोक नेमके काय करत, हे त्यावरून कळत नाही. नाव सारखे म्हणून धंदाही तोच, असे धरून पुढच्या इंग्रज लेखकांनी ठगांची परंपरा थेट तिथपर्यंत नेली, ती मला पटत नाही.

त्यापेक्षा भक्कम पुरावा मुंबईचा आहे. रॉबर्ट ड्रमंड नावाच्या इंग्रजाने गुजराती आणि मराठी शब्दांचे एक पुस्तक १८०८ साली मुंबईत छापले. त्यात ठगाचा अर्थ दिला आहे लबाड, फसवणारा, आणि तेवढाच. अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश 'हॉब्सन-जॉब्सन' १८८६ साली निघाला, तेव्हा त्याच्या संपादकांनी ही गोष्ट आवर्जून नोंदवली. म्हणजे १८०८ पर्यंत आपल्याकडच्या इंग्रजांच्या कानावर आलेला ठग हा आपल्या घरातलाच ठक होता.

पुढच्या तीस वर्षांत चित्र पालटले. १८०९-१० च्या सुमारास इटावा जिल्ह्यातल्या विहिरींतून प्रेते निघू लागली. कंपनीचे शिपाई रजेवर गावी निघत ते साठवलेला पगार कनवटीला बांधून, आणि त्यांतले काही घरी पोचतच नसत. १८१० साली सेनापती सेंट लेजरने हुकूम काढला, की शिपायांनी रात्रीचा प्रवास करू नये, वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसांची सोबत धरू नये आणि रोकड न बाळगता हुंडी करून पाठवावी. इटाव्याचा मॅजिस्ट्रेट थॉमस पेरी याने या खुन्यांना ठग म्हटले.

दक्षिणेत त्याच तऱ्हेच्या टोळ्यांना फासीगार म्हणत. मद्रासच्या डॉ. रिचर्ड शेरवुडने त्यांच्यावर लेख लिहिला तो याच नावाने. फास घालणारा तो फासीगार, असा हा शब्द खरे तर कामाला जास्त चपखल होता. पण ठगांविरुद्धची मोहीम उत्तरेतून चालली आणि मोहिमेचे कागद ज्या शब्दात लिहिले गेले तो शब्द टिकला. नाहीतर आज अमेरिकेतल्या रॅपरच्या पोटावर 'फासीगार लाईफ' असे गोंदवलेले दिसले असते.

त्या मोहिमेचा सूत्रधार विल्यम हेन्री स्लीमन. नागपूरकर भोसल्यांकडून १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेल्या नर्मदाकाठच्या मुलखात, नरसिंहपूरला तो १८२२ पासून मॅजिस्ट्रेट होता. आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवले. महाराष्ट्रातल्या सावकारांचे ऐवजही त्याच्या कागदांत आहेत. अमरावतीच्या धनराज शेठचा खजिना नेणारी माणसे वाटेत मारली गेल्याची प्रकरणे त्यातलीच.

माफीचे साक्षीदार हे स्लीमनचे मुख्य हत्यार. पकडलेल्या ठगाला फाशी टाळायची असेल तर त्याने साथीदारांची नावे सांगायची. या साक्षीदारांकडून त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचे शब्द गोळा केले आणि १८३६ मध्ये 'रामसीयाना' नावाने छापले. शब्दाची खरी उकल मला या यादीत सापडते. टोळीत कामे वाटलेली असत. वाटसरूशी गोड बोलून, त्याची जात-गाव विचारून, 'एकट्याने कशाला जाता' म्हणत त्याला टोळीत ओढणारा तो सोथा. गळ्यात रुमाल टाकणारा तो भुर्तोत. खड्डे खणणारा तो लुघा. तंबाखू काढा, अशासारखा साधा शब्द हाच इशारा असे आणि इशाऱ्याला झिरणी म्हणत. आपल्या भाषेतला ठक म्हणजे हा सोथा. इंग्रजीने उचलला तो भुर्तोत.

पण इंग्रजीने भुर्तोतच का उचलला? एक कारण कायदा. १८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध झाले तर जन्मठेप ठरवली. ते सामील होणे कायद्याच्या आधीचे असो वा नंतरचे, कंपनीच्या हद्दीतले असो वा बाहेरचे. एखाद्या विशिष्ट खुनाचा पुरावा लागत नव्हता. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हतीच. व्याख्या नसलेला शब्द सरकारच्या हाती लागला की तो कुणालाही लावता येतो. काय केले यापेक्षा कोण आहे यावर शिक्षा देण्याची ही रीत पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. सोलापूरच्या काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या जमातींना १९५२ साली विमुक्त म्हटले गेले, ते या रीतीतून सुटल्यावर.

स्लीमनने धर्मावरही फार भर दिला. ठग म्हणजे देवीला बळी देणारा एक पंथ, असे चित्र त्याने उभे केले. टोळ्यांत मुसलमान पुष्कळ होते आणि तेही देवीला मानत, हे सांगताना त्याला आश्चर्य वाटलेले दिसते. अलीकडच्या इतिहासकारांना या पंथाच्या कथेत तथ्य कमी वाटते. लढाया संपल्यावर बेकार झालेले शिपाई, दुष्काळ, लुटीत वाटा घेऊन आसरा देणारे जमीनदार अशी कारणे ते पुढे करतात. खून झाले होते, प्रेते खरी होती. पण ठग नावाची एकसंध जमात कागदावर जेवढी रेखीव दिसते तेवढी जमिनीवर होती का, याची शंका राहते.

विलायतेत मात्र शंका घ्यायला कुणाला सवड नव्हती. निजामाच्या नोकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्गला कारभार पाहिलेल्या फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये आली आणि तिने लंडनला वेड लावले. त्याच वर्षी लेखक टॉमस कार्लाइलने ग्लासगोच्या सूतगिरणी कामगारांवरच्या खटल्याबद्दल लिहिले. संपफोड्यावर गोळी घातल्याचा आरोप असलेल्या त्या कामगारांना 'ग्लासगोचे ठग' म्हणत, आणि हे टोपणनाव कार्लाइलला मार्मिक वाटले. हिंदुस्थानातून निघालेला शब्द इथे पहिल्यांदा गोऱ्या माणसाला चिकटला. रुमाल गेला, देवी गेली, प्रवासातली सोबत गेली. उरली ती फक्त संघटित मारामारी.

अमेरिकेत तो याच रूपात रुळला. न्यू ऑर्लिन्समध्ये १८५० च्या दशकात निवडणुकीत दंगा करणाऱ्या टोळ्यांना थग म्हणत. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या आपल्या लहानपणी ठगांच्या अस्पष्ट दंतकथा कानावर येत, अशी आठवण १८९६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेलेल्या मार्क ट्वेनने लिहिली आहे. सगळ्यात मजेदार उलटापालट झाली ती केंटकीच्या कोळसा खाणींत. १९३१ मध्ये हार्लन परगण्यातल्या संपकरी खाणकामगारांच्या बाजूने रचलेल्या एका गाण्यात माणसाला दोनच वाटा दिल्या आहेत. युनियनचा हो, नाहीतर शेरीफ ब्लेअरचा थग हो. कार्लाइलच्या काळी थग हा संपाच्या बाजूचा होता, शंभर वर्षांत तो मालकाच्या बाजूला गेला. शब्द शिवीचा झाला की तो बोलणाऱ्याच्या हातात असतो.

मग तो काळ्या तरुणांवर येऊन थांबला. रॅपर तुपाक शकूरने १९९० च्या दशकात 'थग लाईफ' हे शब्द पोटावर गोंदवून ती शिवी अंगावर मिरवली. तरी शिवी शिवीच राहिली. २०१४ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू रिचर्ड शर्मनने सामना जिंकल्यावर आरडाओरडा केला, तेव्हा त्याला थग म्हणणाऱ्यांची झुंबड उडाली. काळ्यांसाठी वापरली जाणारी जुनी शिवी आता उघड देता येत नाही, म्हणून तिच्या जागी हा शब्द आला आहे, असे तो म्हणाला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरमधल्या दंगलीनंतर ओबामांनी आणि शहराच्या महापौरांनी दंगेखोरांना थग म्हटले. दोघेही काळे, तरी वाद पेटलाच, आणि महापौरांना आपला शब्द मागे घ्यावा लागला.

इकडे आपल्या कायद्यात जुना ठग गुपचूप बसून होता. भारतीय दंड संहितेने १८६० साली कलम ३१० मध्ये त्याची व्याख्या केली. खून करून किंवा खुनासह जबरी चोरी अथवा मुलांची चोरी करण्यासाठी नेहमी इतरांशी संगनमत करणारा तो ठग. कलम ३११ मध्ये जन्मठेप. १८३६ ला राहून गेलेली व्याख्या अखेर मिळाली, पण तिच्यात फसवणुकीचा शब्दही नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ही दोन्ही कलमे वगळली गेली. वर्तमानपत्रांत त्यावर फारसे कुणी लिहिले नाही.

शब्द मात्र परत आला आहे. इंग्रजांनी ठ लिहायला टी आणि एच ही अक्षरे वापरली आणि पुढे त्यांचा उच्चार स्वतःच्या पद्धतीने केला, म्हणून मोबाइलवरच्या मराठी मथळ्यांत तो 'थग लाईफ' असा थ घेऊन येतो. क्लिप बहुतेक सारखीच असते. कुणी एखाद्या म्हातारीला चेष्टेने काही विचारतो, ती शांतपणे असे उत्तर देते की विचारणाराच तोंडावर आपटतो. चित्र थबकते, वरून काळा गॉगल खाली येतो, गाणे वाजते. मार नाही, रक्त नाही. समोरच्याला बोलण्यात गुंडाळलेले असते एवढेच. अशी एक क्लिप मी आमच्या आजीला दाखवली. थग म्हणजे काय, हे तिने विचारलेही नाही. पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मेली ठकडी आहे!"