पुण्यात गांडूळखत प्रकल्पाची करसवलत: अर्ज आणि पाहणी

गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका सर्वसाधारण करात 5 टक्के सूट देते, दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के. सूट पूर्ण बिलावर नाही. सफाई कर, वृक्ष कर, शिक्षण कर तसेच राहतात. सर्वसाधारण कर 6,000 रुपये असेल तर 300 वाचतील. मुदतीत बिल भरल्याची सूट आणि स्वतः राहत असल्याची 40 टक्के सवलत (पीटी-3 अर्ज) यांचा याच्याशी संबंध नाही. खिडकीवर या तिन्हींची हमखास गल्लत होते.

अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयात करायचा. सोबत चालू वर्षाचे मिळकत कर बिल, प्रकल्पाचे फोटो आणि सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव ठेवा. गांडूळखताचा सामाईक खड्डा असला तरी फ्लॅटवार मिळकत क्रमांकांची यादी जोडा, नाहीतर सूट एकाच बिलावर चढते. अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. पुढच्या बिलात सूट दिसली नाही तर तोच कागद दाखवायचा आहे.

खरी परीक्षा पालिकेच्या पाहणीची. सूट प्रकल्प बांधल्याची नव्हे, चालवल्याची आहे. बंद पडलेल्या प्रकल्पांची सवलत पालिकेने काढून घेतली आहे. कोरडा खड्डा आणि कोपऱ्यात गांडुळांची रिकामी पोती दिसली की विषय संपला.

खड्डा बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच, ओल. ओला कचरा नुसता ओतत गेलात की हवा कोंडते, वास सुटतो, अळ्या होतात आणि शेजारी तक्रार करतात. प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दोन थेंबच पडले पाहिजेत. ताजा कचरा कुजताना तापतो, त्यामुळे गांडुळे मरतात; आधी पंधरा-वीस दिवस वेगळ्या खड्ड्यात कुजवा, मग गांडुळांना द्या. म्हणून खड्डे किमान दोन. लिंबाची साले, लोणचे, तेलकट उष्टे गांडुळांना चालत नाही. डायपर, सॅनिटरी नॅपकिन खड्ड्यात टाकू नका. कागदात गुंडाळून, लाल खूण करून कचरावेचकाकडे वेगळे द्या.