मॅडिसनमधील युनियन इमारती आणि ‘सेग्रिगेटेड फी’ : पार्श्वभूमी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन परिसरातील मेमोरियल युनियन ही विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी आणि उपक्रमांसाठीची वास्तू १९२८ मध्ये मेंडोटा सरोवराच्या काठी उभी राहिली, ती प्रामुख्याने देणग्यांच्या बळावर. उन्हाळ्यात तिच्यालगतच्या सरोवराकाठच्या मोकळ्या जागेत मांडल्या जाणाऱ्या, उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या हिरव्या, पिवळ्या आणि नारिंगी लोखंडी खुर्च्या या परिसराची ओळख झाल्या आहेत. युनियन साउथ ही दुसरी इमारत १९७१ ची. विद्यापीठ सरकारी असले, तरी अशा इमारतींनी आपला खर्च आपणच भागवावा, असा तिथला दंडक आहे. त्यामुळे जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला, की तो फिरून विद्यार्थ्यांच्या शुल्काशीच येऊन थांबतो.

या शुल्काचे नाव ‘सेग्रिगेटेड फी’. वर्णभेदाशी त्याचा काही संबंध नाही; शिकवणी शुल्कापासून वेगळे ठेवलेले, एवढाच त्याचा अर्थ. खरा गुंता पुढच्या विभागणीत आहे. शुल्काचा एक भाग ‘वाटपयोग्य’ आणि दुसरा ‘वाटपाबाहेरचा’ मानला जातो. पहिल्या भागातून विद्यार्थी संघटनांच्या उपक्रमांना पैसा मिळतो आणि त्याच्या वाटपात विद्यार्थी प्रतिनिधींचा शब्द चालतो. आरोग्य सेवा, क्रीडा, कर्जफेड आणि युनियन इमारतींची देखभाल हा खर्च दुसऱ्या भागातून होतो आणि तिथे प्रतिनिधींच्या मताला सल्ल्यापलीकडे फारसे वजन उरत नाही. १९९५-९६ मध्ये वार्षिक शुल्क ३३१.५० डॉलर होते आणि त्याचा सुमारे ८० टक्के हिस्सा या दुसऱ्या भागात जात होता. म्हणजे जवळपास २६५ डॉलर विद्यार्थ्यांच्या खिशातून जात, पण त्यांच्या विनियोगाचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. शुल्काच्या विनियोगात विद्यार्थ्यांना जबाबदारी देणारी तरतूद राज्याच्या कायद्यात सत्तरच्या दशकापासून असूनही ही स्थिती होती, हे इथे आवर्जून नोंदवायला हवे.

न पटणाऱ्या विचारांच्या संघटनांसाठी सक्तीने शुल्क का भरावे, असा वाद काही विद्यार्थ्यांनी न्यायालयात नेला. निधीवाटप विचारांच्या बाबतीत तटस्थ असेल तर अशी सक्ती घटनाबाह्य ठरत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. तथापि सारी लढाई झाली ती त्या लहान, वाटपयोग्य हिश्श्यावर. इमारतींकडे जाणाऱ्या मोठ्या हिश्श्याच्या उद्देशांना कोणी आव्हानच दिले नाही.

म्हणूनच २००६ चे सार्वमत महत्त्वाचे ठरते. युनियन साउथ पाडून नव्याने बांधावी, मेमोरियल युनियनचे नूतनीकरण करावे आणि त्यासाठी प्रत्येक सत्राला ९६ डॉलरपर्यंत शुल्क घ्यावे, या प्रस्तावाला विद्यार्थ्यांनी मान्यता दिली. अंतिम मंजुरी विद्यापीठाच्या नियामक मंडळाची आणि राज्य सरकारच्या इमारत समितीची असली, तरी एरवी केवळ पावतीवर दिसणाऱ्या या खर्चाबाबत विद्यार्थ्यांना थेट विचारले गेले, ही लहान गोष्ट नव्हती.

जुनी युनियन साउथ २००९ मध्ये पाडण्यात आली आणि नवी २०११ मध्ये खुली झाली. मेमोरियल युनियनचे काम त्यानंतर टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. सार्वमताच्या वर्षी पहिल्या वर्षात असलेला आणि नेहमीच्या चार वर्षांत पदवी घेणारा विद्यार्थी नव्या इमारतीचे दार उघडण्याआधीच, २०१० मध्ये, परिसर सोडून गेलेला होता.