नाळ पुरलेली जमीन: कोलंबियाच्या 'कायदा 70' मागची कहाणी

कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या गावांत मूल जन्मले की त्याची नाळ झाडाच्या मुळाशी पुरायची जुनी रीत आहे. नाळ पुरली ते आपले गाव, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या सरकारदरबारी मात्र या गावांची जमीन कुणाचीच नव्हती.

यांच्या पूर्वजांना स्पॅनिशांनी सोन्याच्या खाणींसाठी गुलाम करून आणले. 1851 च्या कायद्याने गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली मालकांना, सुटलेल्यांना जमिनीचा तुकडाही नाही. ते नद्यांच्या काठाने जंगलात वसले. केळी, भात, मासेमारी आणि वाळू धुऊन मिळणारे सोने यांवर पिढ्या जगल्या. 1959 मध्ये हा सारा टापू राखीव जंगल ठरला. पुढे लाकूड कंपन्यांना तोडीचे परवाने मिळू लागले, तेव्हा 1980 च्या दशकात अत्रातो नदीकाठचे शेतकरी संघटित झाले.

त्या रेट्यातून 1991 च्या राज्यघटनेत या गावांच्या सामूहिक जमीनहक्काचा कायदा करायला सांगणारे संक्रमणकालीन कलम 55 आले आणि 27 ऑगस्ट 1993 रोजी कायदा 70. त्यानुसार गावपरिषदेच्या नावे सामूहिक पट्टा होतो. अशी जमीन विकता येत नाही, जप्त होत नाही, कुणी कितीही वर्षे बळकावून बसला तरी त्याची होत नाही. आजच्या पिढीला ती मोडून खाता येत नाही, हे मला या कायद्याचे मर्म वाटते. आजवर 50 लाखांहून अधिक हेक्टरांचे पट्टे झाले.

पण पट्ट्यांच्या मागोमाग बंदुका आल्या. फेब्रुवारी 1997 मध्ये लष्कराची 'ऑपरेशन जेनेसिस' मोहीम आणि 'निमलष्करी' म्हटल्या जाणाऱ्या खासगी सशस्त्र टोळ्यांचे हल्ले यांमुळे काकारिका खोऱ्यातल्या हजारोंना घरेदारे सोडावी लागली. 2013 मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने त्यासाठी कोलंबियाला जबाबदार धरले.

शिवाय जमीन गावाची असली तरी तिच्या पोटातले खनिज सरकारचे. काउका प्रांतातले ला तोमा गाव आपली वस्ती 1636 पासूनची सांगते. तिथे बाहेरच्यांना खाणपरवाने मिळाले आणि गावकऱ्यांनाच हुसकावण्याचे आदेश निघाले. गावाला विचारल्याशिवाय खाण नाही, असे घटनात्मक न्यायालयाने 2010 मध्ये बजावले. तरीही बेकायदा यंत्रे नदीत उतरली. नोव्हेंबर 2014 मध्ये फ्रान्सिया मार्केस यांच्यासह तिथल्या बायका राजधानी बोगोताकडे पायी निघाल्या. मार्केस यांना 2018 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये त्या देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या.

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या अनेक गावपरिषदा मात्र अजून पट्ट्यासाठी हेलपाटे घालत आहेत.